दुकानदाराविना दुकान

(नाणे टाकले की वस्तू देणारे यंत्र आपण पाहतो. ते यंत्र कसे चालते, त्यामागे कोण राबते, त्यात नफा केव्हा होतो आणि तोटा केव्हा, हे या पाठात सांगितले आहे.)

मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवर अनेक वर्षे एक उंच, रंगीत यंत्र उभे असे. त्याचे लाल-पिवळे दिवे लुकलुकत. काचेमागे एक चकती गरगर फिरे. गाडीला वेळ असला की मुले आईचा पदर ओढत त्या यंत्राकडे जात. यंत्राच्या पायरीवर उभे राहायचे, चकती थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग फटीत नाणे टाकायचे. आत 'खट्' असा आवाज होई आणि एक जाड, छोटे तिकीट बाहेर पडे. तिकिटाच्या एका बाजूला आपले वजन छापलेले असे. दुसऱ्या बाजूला भविष्याची एखादी ओळ किंवा सिनेनटाचे चित्र असे. वजन किती भरले याकडे मोठ्यांचे लक्ष आणि चित्र कोणाचे निघाले याकडे मुलांचे!

हा वजनाचा काटा म्हणजे एक दुकानच होते. त्यात वजन विकले जाई. पण त्या दुकानात दुकानदार नव्हता. गल्ल्यावर कोणी बसलेले नव्हते. गिऱ्हाईक आणि यंत्र, दोघेच समोरासमोर. तरीही त्या यंत्राला कोणीतरी मालक होता. नाण्यांची पेटी कोणीतरी रिकामी करत होते. कोऱ्या तिकिटांची भर कोणीतरी घालत होते. काटा बरोबर आहे की नाही हे पाहणे, त्याची तपासणी करून घेणे, बंद पडल्यास दुरुस्त करणे, हीसुद्धा कोणाची तरी कामे होती. तो माणूस गिऱ्हाइकाला कधी दिसत नसे, एवढेच.

पैसे घेऊन आपोआप वस्तू देणाऱ्या यंत्राला वेंडिंग मशीन म्हणतात. आपण त्याला विक्रीयंत्र म्हणू. या यंत्रांतून आज चहा-कॉफी, थंड पेये, बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या, रेल्वेची तिकिटे अशा अनेक वस्तू मिळतात. यंत्र रात्रंदिवस उभे असते. त्याला पगार नको, सुट्टी नको. म्हणून पुष्कळांना वाटते की, एक यंत्र घेऊन ठेवावे आणि घरबसल्या पैसे मोजावेत. हे खरोखर इतके सोपे आहे का?

विक्रीयंत्राची कल्पना फार जुनी आहे. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात इसवी सनाच्या पहिल्या शतकात हेरॉन नावाचा एक ग्रीक विद्वान राहत होता. त्याने आपल्या ग्रंथात एका यंत्राचे वर्णन केले आहे. देवळात येणारा माणूस त्या यंत्राच्या फटीत नाणे टाकी. नाणे आतल्या एका तबकडीवर पडे. नाण्याच्या भाराने तबकडी खाली झुके आणि तिला जोडलेल्या दांडीमुळे एक झडप उघडे. मग पवित्र पाणी बाहेर येई. तबकडी आणखी कलली की नाणे घसरून खाली पडे, दांडी पूर्वीच्या जागी येई आणि झडप बंद होई. एका नाण्याला ठरलेले पाणी मिळे, जास्त नाही. यंत्र कोणाची भीड धरत नसे.

हेरॉनची विद्या जगापर्यंत पोहोचवण्यात अरबी भाषेचा मोठा वाटा आहे. यंत्रशास्त्रावरील त्याचा एक ग्रंथ मूळ ग्रीक भाषेत पूर्ण उरलाच नाही. नवव्या शतकात कुस्ता बिन लूका या विद्वानाने त्याचे अरबीत भाषांतर केले होते, म्हणून तो आज आपल्याला वाचता येतो. त्याच शतकात बगदादमध्ये बनू मूसा या नावाने ओळखले जाणारे तीन भाऊ होऊन गेले. त्यांनी सन ८५०च्या सुमारास 'किताब अल्-हियल' हा ग्रंथ लिहिला. त्यात सुमारे शंभर युक्त्यांची वर्णने आहेत. आपोआप उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या झडपा, आपोआप पाणी सोडणारी भांडी अशा गोष्टी त्यांत आहेत. माणसाचा हात न लागता यंत्राने काम करावे, या विचाराला असे शतकानुशतके खतपाणी मिळत गेले.

पण व्यापारासाठी असे यंत्र वापरात यायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८८३ साली लंडनमध्ये पर्सिव्हल एव्हरिट याने पोस्टकार्डे विकणारे यंत्र आणले. अशी यंत्रे रेल्वे स्टेशनांवर आणि पोस्टाच्या कचेऱ्यांत उभी राहिली. १८८८ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या रेल्वे फलाटांवर चघळण्याचा गोंद, म्हणजे च्युइंगगम, विकणारी यंत्रे बसवण्यात आली.

पोस्टकार्ड आणि च्युइंगगम याच वस्तू का निवडल्या असतील, याचा विचार करा. दोन्ही वस्तू स्वस्त, एका नाण्यात मिळणाऱ्या. त्या हातात घेऊन पारखाव्या लागत नाहीत. एक पोस्टकार्ड दुसऱ्यासारखेच असते. त्या लवकर नासत नाहीत. शिवाय स्टेशनवरच्या माणसाला घाई असते, घासाघीस करायला वेळ नसतो. कापड किंवा आंबे घेताना आपण दहा दुकाने पाहतो. पोस्टकार्डासाठी कोणी तसे करत नाही. सव्वाशे वर्षांनंतरही हा नियम बदललेला नाही. एकसारखी, टिकाऊ, झटपट लागणारी वस्तू आणि घाईत असलेले गिऱ्हाईक, ही जोडी जमली तरच विक्रीयंत्र चालते.

आता यंत्राच्या आत काय घडते ते पाहू. नाणे फटीतून आत गेले की ते उतरत्या वाटेने घरंगळते. वाटेत त्याचा व्यास आणि जाडी पाहिली जाते. तारेच्या वेटोळ्यांतून वीज खेळवून नाणे कोणत्या धातूचे आहे हेही ओळखले जाते. नाणे खोटे असेल तर ते परत बाहेर येते. खरे असेल तर ते किमतीप्रमाणे वेगवेगळ्या नळ्यांत साठते. गिऱ्हाइकाला सुटे पैसे परत द्यायचे असले की याच नळ्यांतून ते दिले जातात.

बिस्किटांच्या यंत्रात प्रत्येक खणात तारेचे लांब मळसूत्र असते. त्याच्या वेढ्यांमध्ये एकेक पुडा ठेवलेला असतो. बटण दाबले की मळसूत्र एक फेरा घेते आणि सर्वांत पुढचा पुडा खाली पडतो. काही यंत्रांत खाली न दिसणारे किरण सोडलेले असतात. पुडा पडताना ते किरण तुटतात आणि वस्तू मिळाल्याचे यंत्राला कळते. पुडा अडकला तर मळसूत्र आणखी थोडे फिरते. तरीही तो पडला नाही, तर यंत्र पैसे परत करते. ही सोय लहान दिसते, पण धंद्याचा जीव तिच्यात आहे. एकदा पैसे बुडाले की ते गिऱ्हाईक पुन्हा त्या यंत्राकडे फिरकत नाही, आणि दहा जणांना सांगते ते वेगळेच.

विक्रीयंत्रांचा देश म्हणून जपान ओळखला जातो. सन २०००च्या सुमारास तेथे सर्व प्रकारची मिळून सुमारे ५६ लाख यंत्रे होती. त्यांत अर्ध्याहून थोडी कमी-जास्त यंत्रे पेयांची. शहरातल्या गल्लीत, खेड्यातल्या शेताच्या कडेला, डोंगरावरच्या वाटेवरसुद्धा यंत्र दिसे. पुढे ही संख्या उतरत गेली. २०२३ साल संपताना ती ४० लाखांच्या जवळपास होती. जपानची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या आसपास आहे. म्हणजे आजही तेथे साधारण एकतीस माणसांमागे एक यंत्र पडते.

जपानमध्येच हा धंदा इतका का वाढला? त्याला अनेक कारणे आहेत. १९६७ साली तेथील शंभर येनचे नाणे चांदीऐवजी तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे झाले. नाणी भरपूर निघू लागली आणि लोकांच्या खिशात खुळखुळू लागली. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राला हे वरदानच ठरले. १९६९ साली दूध घातलेली कॉफी डब्यात मिळू लागली. १९७३ साली एकाच यंत्रातून गरम आणि थंड दोन्ही पेये देण्याची युक्ती निघाली. त्यामुळे उन्हाळ्यात चालणारे यंत्र हिवाळ्यातही कमाई करू लागले. तेथे माणसाची मजुरी महाग, दुकानाची जागाही महाग. यंत्राला मात्र हातभर जागा पुरते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रस्त्यावर एकटे उभे असलेले, पैशांनी भरलेले यंत्र तेथे सहसा कोणी फोडत नाही.

तरीही फसवणूक अगदीच झाली नाही असे नाही. कोरियाचे पाचशे वॉनचे नाणे आकाराने आणि धातूने जपानच्या पाचशे येनच्या नाण्यासारखे होते. फक्त ते थोडे जड होते आणि त्याची किंमत साधारण एक-दशांश होती. १९९०नंतरच्या दशकात काही लबाड लोकांनी ही नाणी कोरून हलकी केली आणि जपानी यंत्रांत टाकली. यंत्रे फसली. शेवटी २००० साली जपान सरकारला पाचशे येनच्या नाण्याचा धातूच बदलावा लागला. काही लोकांच्या बेइमानीचा भुर्दंड साऱ्या देशाला बसला.

आता धंद्याकडे वळू. जपानमध्ये पेयांच्या यंत्राचा व्यवहार बहुधा असा असतो. यंत्र कंपनीचे, जागा दुसऱ्या कोणाची तरी. कंपनी जागेच्या मालकाशी करार करते. माल भरणे, पैसे काढणे, दुरुस्ती करणे ही कामे कंपनी करते. जागेचा मालक विजेचे बिल भरतो आणि विक्रीतला ठरलेला हिस्सा घेतो. यंत्राशेजारी रिकाम्या डब्यांसाठी पेटी ठेवलेली असते. ती रिकामी करणे हेही कंपनीच्या माणसाचेच काम.

हा माणूस सकाळी मालाने भरलेली गाडी घेऊन निघतो. एका यंत्राकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी त्याची दिवसभर फेरी चालते. प्रत्येक यंत्र उघडून तो माल भरतो, पैसे काढतो, सुटी नाणी घालतो, काच पुसतो, बटणे दाबून पाहतो. डब्यांच्या यंत्रात नवे डबे वरून टाकले जातात आणि जुने खालून आधी निघतात. मळसूत्राच्या यंत्रात मात्र नवा पुडा मागे आणि जुना पुढे, हे ध्यानात ठेवूनच माल भरावा लागतो. कंटाळून नवा पुडा पुढे ठोसला, तर मागचा जुना पुडा तसाच राहतो आणि त्याची मुदत संपून जाते. गिऱ्हाइकाच्या पोटाशी खेळ होतो तो असा.

विजेचाही विचार करावा लागतो. नव्या यंत्रांत सगळेच डबे एकदम थंड करत नाहीत. लवकर विकले जाणारे, खालच्या बाजूचे तेवढेच डबे थंड ठेवतात. थंड करताना आतून जी उष्णता बाहेर पडते, तीच दुसऱ्या खणातली कॉफी गरम करायला वापरतात. १९९५पासून जपानमध्ये अशी यंत्रे आली की, ती उन्हाळ्यात सकाळीच पेये चांगली थंड करून घेतात आणि दुपारी विजेची मागणी वाढते तेव्हा थंड करणे थांबवतात. यंत्र लहान असले तरी ते रात्रंदिवस वीज खाते. लाखो यंत्रांची वाचलेली थोडी थोडी वीज मिळून डोंगराएवढी होते.

हिशेबाशिवाय कोणताही धंदा कळत नाही. हिशेब, नफा, माल, करार, दुकान, बाजार, जमा, खर्च हे शब्द तुम्हांला नवे नाहीत. ते उर्दूत आहेत तसेच मराठीतही आहेत. तेव्हा आता आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.

समजा, एका माणसाने १,२०,००० रुपयांना बिस्किटे आणि पाण्याच्या बाटल्या विकणारे यंत्र घेतले. ते त्याने एका इमारतीत ठेवले. जागेच्या मालकाला विक्रीचा दहावा हिस्सा आणि विजेचे बिल त्याने स्वतः भरायचे, असे ठरले. प्रत्येक वस्तू तो १४ रुपयांना आणतो आणि २० रुपयांना विकतो. रोज ६० वस्तू विकल्या जातात. तर तीस दिवसांचा जमाखर्च असा होईल :

विक्री : ३६,००० रुपये
मालाची खरेदी : २५,२०० रुपये
जागेच्या मालकाचा हिस्सा : ३,६०० रुपये
वीज : १,२०० रुपये
माल नेण्या-आणण्याचा खर्च : १,५०० रुपये
इंटरनेट : ३०० रुपये
खराब झालेला माल : ५०० रुपये
दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले : ७०० रुपये
एकूण खर्च : ३३,००० रुपये
शिल्लक : ३,००० रुपये

पेटीत ३६,००० रुपये जमले, पण हाती उरले ३,०००. या वेगाने यंत्राची किंमत वसूल व्हायला चाळीस महिने लागतील. त्या माणसाने स्वतः केलेल्या कष्टांची मजुरी आपण यात धरलेलीच नाही. यंत्र कर्ज काढून घेतले असेल, तर हप्ताही याच पैशांतून द्यावा लागेल.

आता समजा, जागा चांगली निघाली आणि रोज ९० वस्तू खपू लागल्या. विक्री ५४,००० रुपये झाली. खरेदी ३७,८०० आणि मालकाचा हिस्सा ५,४००. फेऱ्या वाढल्या म्हणून वाहतुकीचे २,००० धरू. बाकीचे खर्च तेच. मग शिल्लक राहते ६,१०० रुपये. विक्री दीडपट झाली, पण नफा दुपटीहून अधिक झाला. यंत्राची किंमत वीस महिन्यांत वसूल होईल.

आणि जागा वाईट निघाली तर? रोज ४० वस्तू खपल्या, तर विक्री २४,०००, खरेदी १६,८०० आणि मालकाचा हिस्सा २,४००. माल पडून राहिल्याने खराब मालाचे ८०० रुपये धरू. बाकीचे खर्च पहिल्याइतकेच. शिल्लक राहते फक्त ३०० रुपये! विक्री एक-तृतीयांशाने घटली आणि नफा मात्र दहावा हिस्सा उरला. या वेगाने यंत्राची किंमत वसूल व्हायला चारशे महिने, म्हणजे तेहतीस वर्षांहून अधिक काळ लागेल. तोपर्यंत यंत्र भंगारात गेलेले असेल.

असे का होते? काही खर्च विक्रीबरोबर वाढतात आणि घटतात. माल कमी खपला तर खरेदीही कमी होते. पण वीज, इंटरनेट, दुरुस्ती आणि फेऱ्या यांचा खर्च विक्री होवो वा न होवो, जवळजवळ तेवढाच राहतो. हा ठाम खर्च भरून निघाल्यावरच नफा सुरू होतो. म्हणून अनुभवी माणसे यंत्राची किंमत विचारण्याआधी जागा पाहतात. तेथून रोज किती माणसे जातात, ती किती वेळ थांबतात, जवळ दुसरे दुकान आहे का, रात्री इमारत बंद होते का, हे सारे ते उभे राहून मोजतात. नुसती वर्दळही पुरत नाही. धावतपळत जाणाऱ्या हजार माणसांपेक्षा दवाखान्यात तासभर वाट पाहणारी शंभर माणसे यंत्राला अधिक उपयोगी पडतात.

चांगली जागासुद्धा कायम चांगली राहील असे नाही. २०१३ साली जपानमधील एका मोठ्या दुकानसाखळीने आपल्या दुकानांत ताजी, स्वस्त कॉफी द्यायला सुरुवात केली. बघता बघता इतरही दुकानांत ती मिळू लागली. डब्यातल्या कॉफीचे गिऱ्हाईक तिकडे वळले. यंत्रे होती तेथेच होती, पण त्यांच्याभोवतीचा बाजार बदलला. पुढे माल भरणारी माणसे आणि गाड्या चालवणारे चालकही पुरेसे मिळेनात. ३ जुलै २०२४ रोजी जपानमध्ये नव्या नोटा आल्या, तेव्हा नोटा घेणाऱ्या यंत्रांचा नोट ओळखणारा भाग बदलण्याचा किंवा सुधारण्याचा खर्च धंदेवाल्यांवर पडला. विक्री एका येननेही वाढली नव्हती, खर्च मात्र वाढला. म्हणून नफ्यातला काही भाग अशा दिवसांसाठी राखून ठेवावा लागतो.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. 'यंत्र विकत घ्या, चांगली जागा आम्ही मिळवून देऊ, घरबसल्या हजारो कमवा,' अशा जाहिराती अनेक देशांत निघतात. नोकरी गेलेली माणसे, निवृत्त माणसे आपली आयुष्यभराची शिल्लक अशा योजनांत घालतात. मग कळते की, यंत्र दुप्पट किमतीचे होते आणि सांगितलेली जागा ओसाड होती. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने १९९८ साली अनेक राज्यांच्या मदतीने विक्रीयंत्रांच्या फसव्या योजनांविरुद्ध मोठी मोहीम काढली होती. अशा योजनांत नफा असतो तो यंत्र विकणाऱ्याचा. घेणाऱ्याच्या वाट्याला हप्ते येतात. जाहिरात कितीही गोड असली तरी आधी तीन प्रश्न विचारावेत. जागा मी स्वतः पाहिली आहे का? ठाम खर्च किती? आणि रोज किती वस्तू खपल्या तर तो भरून निघेल? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. आठवीचे गणित पुरते.

आपल्या देशात विक्रीयंत्रे वाढत आहेत, पण जपानइतकी नाहीत. त्यालाही कारणे आहेत. आपल्याकडे बांधीव वस्तूवर कमाल किंमत छापलेली असते आणि त्याहून एक रुपयाही जास्त घेणे कायद्याला धरून नाही. त्यामुळे यंत्रासाठी वेगळा खर्च आला म्हणून किंमत वाढवता येत नाही. खाण्याच्या वस्तू विकायच्या तर अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी किंवा परवाना लागतो. पूर्वी सुट्या पैशांची अडचण असे. फाटक्या, चुरगळलेल्या नोटा यंत्र घेत नसे. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून मोबाइलने पैसे देता येऊ लागले आणि ती अडचण पुष्कळ कमी झाली.

शिवाय आपल्याकडे कोपऱ्यावर चहाची टपरी असते. टपरीवाला आपली ओळख ठेवतो. कोणाला साखर कमी लागते, कोणाला आले घातलेला चहा हवा, हे त्याला न सांगता कळते. कोणाजवळ पैसे नसले तर 'उद्या द्या' म्हणतो. यंत्राला हे जमत नाही. म्हणून जेथे टपरी आहे तेथे यंत्राने जाऊ नये, हेच शहाणपणाचे. पण रात्री दोन वाजता दवाखान्यात बसलेल्या माणसाला टपरी मिटलेली असते. तेव्हा यंत्रातली पाण्याची बाटलीच उपयोगी पडते. टपरीवाल्याच्या पोटावर पाय न देताही यंत्राला जागा आहे.

विक्रीयंत्राचा सारा व्यवहार विश्वासावर उभा असतो. दुकानात आपण वस्तू पाहतो, मग पैसे देतो. यंत्रात आधी पैसे द्यावे लागतात, वस्तू नंतर मिळते. गिऱ्हाइकाने टाकलेले नाणे वस्तू हाती येईपर्यंत मालकाकडे अमानत असते. म्हणून चांगला धंदेवाला यंत्रावर आपला फोन क्रमांक ठळकपणे लिहितो. पैसे अडकल्याची तक्रार आली, तर वाद न घालता ते परत करतो. मुदत संपण्याआधीच माल काढून टाकतो. जपानमध्ये २००५पासून पेयांच्या यंत्रांवर त्या जागेचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी लावू लागले. रस्त्यात अपघात झाला, कोणी आजारी पडले, तर मदत मागणाऱ्याला आपण कोठे आहोत हे सांगता यावे, म्हणून. भूकंपासारख्या संकटात पेये फुकट देता येतील अशीही काही यंत्रे तेथे आहेत. या गोष्टींतून रोजच्या गल्ल्यात लगेच भर पडत नाही, पण लोकांच्या मनात जागा मिळते. आणि धंद्यासाठी ती जागाही मोलाची असते.

विश्वासाची जबाबदारी गिऱ्हाइकावरही आहे. यंत्राला लाथा मारणे, खोटे नाणे टाकणे, चुकून दोन पुडे पडले तर दोन्ही खिशात घालणे, हे सारे कोणी पाहत नाही म्हणूनच घडते. पण त्या यंत्रामागे हिशेब जुळवणारा एक माणूस असतो. आपण वर पाहिले की, त्याच्या ३६,००० रुपयांतून त्याला ३,०००च उरतात. एक काच फुटली की त्याची महिन्याची कमाई गेली.

यंत्राला हात नसतात. माल भरणारे हात माणसाचे, काच पुसणारे हात माणसाचे, हिशेब लिहिणारे हातही माणसाचेच. ते हात कष्टाळू आणि इमानदार असतील, तर दुकानदाराविना दुकान नीट चालते आणि त्याच्या मालकाचे घरही चालते.

शब्दार्थ

भीड धरणे : संकोच करणे, मुलाहिजा ठेवणे
झडप : पाणी किंवा हवा अडवणारे उघडझाप होणारे झाकण
मळसूत्र : स्क्रूसारखा गोल गोल वळत जाणारा आकार
घासाघीस : किंमत कमी करण्यासाठी केलेली बोलाचाली
भुर्दंड : विनाकारण सोसावा लागणारा खर्च
ठाम खर्च : विक्री कमी-जास्त झाली तरी न बदलणारा खर्च
वर्दळ : लोकांची सतत ये-जा
पोटावर पाय देणे : एखाद्याचा रोजगार बुडवणे

स्वाध्याय

१. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हेरॉनच्या यंत्रातून काय मिळत असे?
(आ) १८८३ साली लंडनमध्ये कोणती वस्तू विकणारे यंत्र आले?
(इ) 'किताब अल्-हियल' हा ग्रंथ कोणी लिहिला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पोस्टकार्ड आणि च्युइंगगम या वस्तू यंत्रातून विकायला सोयीच्या का होत्या?
(आ) जपान सरकारला पाचशे येनच्या नाण्याचा धातू का बदलावा लागला?
(इ) मळसूत्राच्या यंत्रात नवा पुडा मागे का ठेवावा लागतो?

३. पाठातील उदाहरणात रोज ५० वस्तू विकल्या, बाकीचे खर्च पहिल्या हिशेबाइतकेच राहिले, तर महिन्याला किती शिल्लक राहील? जमाखर्च मांडून दाखवा.

४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी दहा व्यापारी शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

५. तुमच्या गावात विक्रीयंत्र कोठे ठेवले तर चालेल? कारणे देऊन आठ-दहा ओळी लिहा.